‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवू नका

संपादक महोदय,

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाच्या सुमारास वृत्तपत्रांत विस्मरणावर लेख येतात. शब्दकोडी सोडवा, चालायला जा, माणसांत मिसळा, असा त्यांचा सूर असतो. सल्ला चुकीचा नाही. पण ज्या घरात आई सकाळपासून दहाव्यांदा ‘आज वार कोणता?’ विचारते आहे, त्या घराला त्याचा काही उपयोग नाही. तिथे बहुधा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटवलेला असतो. या म्हणीने फार नुकसान केले आहे.

पहिले नुकसान म्हणजे तपासण्याच होत नाहीत. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड मंदावणे, नैराश्य, कमी ऐकू येणे यांनीही माणूस विसराळू दिसतो. किरकोळ पडल्यानंतर काही आठवड्यांनी कवटीखाली साचलेले रक्तही तसेच करते. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. औषधांचा संशय तर कुणालाच येत नाही. सर्दी-अॅलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या आणि वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्या मेंदूतल्या अॅसिटिलकोलिन या स्मरणाला लागणाऱ्या रसायनाचे काम अडवतात. विस्मरणासाठी दिले जाणारे डोनेपेझिल नेमके तेच रसायन टिकवू पाहते. दोन डॉक्टरांच्या दोन गोळ्या एकमेकींचे काम खोडत बसतात आणि घरचे म्हणतात, ‘औषधाचा गुण नाही.’ म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधे, स्वतःच्या मनाने आणलेलीसुद्धा, एका पिशवीत भरून न्या.

दुसरे नुकसान पुढच्या टप्प्यावर होते. अल्झायमर हा विस्मरणाचा आजार महिन्यामहिन्यांनी, हळूहळू वाढत जातो. काल स्वतः जेवणारे वडील आज गुंगीत आहेत, चादर ओढताहेत, नसलेली माणसे त्यांना दिसताहेत, असे झाले तर ‘आजार वाढला’ समजून बसू नका. हा बहुधा डिलिरियम असतो, म्हणजे शरीरातल्या दुसऱ्या एखाद्या बिघाडाने मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ. लघवीचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, लघवी तुंबणे, चार-पाच दिवसांचे बद्धकोष्ठ, शरीरातले पाणी कमी होणे, नुकतेच सुरू केलेले औषध यांपैकी काहीतरी कारण बहुतेकदा निघते. म्हातारपणी संसर्गात ताप येतोच असे नाही, त्यामुळे थर्मामीटरवर विसंबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला तर मात्र तडक रुग्णालय गाठा, तो पक्षाघात असू शकतो.

तिसरे नुकसान रोजचे आहे. ‘मुद्दाम करतात’ हा समज. नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग या आजारात आधी झिजतो, त्यामुळे तुम्ही दिलेले उत्तर आत नोंदलेच जात नाही. दहावा प्रश्न त्यांच्यासाठी पहिलाच असतो. ‘मघाशीच सांगितलं ना!’ या वाक्यातली माहिती पुसली जाते, अपमान मात्र टिकतो. कशाने वाईट वाटले ते आठवत नाही, पण संध्याकाळपर्यंत वाईट वाटत राहते. पहिल्या वेळच्याच शांत आवाजात, तीन-चार शब्दांत उत्तर द्या आणि हाताला काम द्या. कपड्यांच्या घड्या हे उत्तम. स्वतःच्याच घरात बसून ‘घरी कधी जायचं?’ विचारतात तेव्हा पत्ता समजावण्यात अर्थ नसतो. लघवी लागली आहे का, भूक, थंडी, दुखणे, हे आधी पाहा.

पाकीट चोरल्याचा आरोप बहुधा सर्वांत जास्त सांभाळणाऱ्यावरच येतो. पाकीट त्यांनीच जपून ठेवलेले असते, ठेवल्याची आठवण उरलेली नसते, आणि ती रिकामी जागा मेंदू ‘चोरी’ने भरतो. सफाई देऊ नका. ‘चला, शोधू’ म्हणा आणि ते त्यांनाच सापडू द्या. तसेच दिसणारे दुसरे पाकीट आणि चष्म्याची एक जादा जोडी घरात असू द्या. आणि पाहुण्यांनी ‘मला ओळखलंत का?’ ही परीक्षा कृपया बंद करावी; आल्याआल्या स्वतःचे नाव आणि नाते सांगावे.

अंघोळीला नकार आळसापोटी नसतो. थंडी वाजते, लाज वाटते, डोक्यावर अचानक पडणाऱ्या पाण्याची भीती वाटते. न्हाणीघर आधी ऊबदार करा, पाणी ३७-३८ अंशांचे ठेवा, खांद्यावर पंचा राहू द्या, पायांपासून सुरुवात करा. केस वेगळ्या दिवशी धुवा. आठवड्यातून दोनदा पूर्ण अंघोळ आणि एरवी अंग पुसणे पुरते.

जमिनीवरचे गडद पायपुसणे त्यांना खड्ड्यासारखे दिसते, ते काढा. दिवे अंधार पडण्याआधीच लावा, कारण सावल्यांनी घाबरगुंडी उडते. रात्री शौचालयाचा दिवा चालू आणि दार उघडे ठेवा. बाहेरच्या दाराची कडी नजरेच्या टप्प्यात नको, अगदी वर किंवा खाली बसवा. मात्र त्यांना एकटे कोंडून कधीही जाऊ नका, आग लागली तर सुटका नाही. कपड्यात फोन नंबर शिवून ठेवा. दिसेनासे झाले तर आधी घर आणि गच्ची धुंडाळा. पंधरा मिनिटांत सापडले नाहीत तर ताज्या छायाचित्रासह पोलिसांना कळवा.

शांत करणाऱ्या गोळ्या मागण्याआधी एवढे ठाऊक असावे, की डिमेन्शिया (अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश) झालेल्या वृद्धांत अँटिसायकोटिक या गटातल्या शांत करणाऱ्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी त्या लागतात. तेव्हा कशासाठी, किती दिवस आणि बंद करून कधी पाहायचे, हे तिन्ही प्रश्न विचारा.

राहिले अधूनमधून येणारे नातेवाईक. अर्धा तास बसून ‘आमच्याशी तर छान बोलले’ असे प्रशस्तिपत्र ते देऊन जातात. वरवरचे आदरातिथ्याचे बोलणे या आजारात बराच काळ शाबूत राहते, त्यामुळे अर्ध्या तासात काही कळत नाही. मत देण्याआधी त्यांनी एक दिवस दुपारी चार ते रात्री नऊ एकट्याने सांभाळून पाहावे. सांभाळणाऱ्याची तेवढी झोप तरी होईल.

– वृद्धशुश्रूषेत काम करणारे काही वाचक