खिंडीच्या अलीकडेच सांग

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

तू फोन ठेवलास आणि थोड्या वेळानं तुझ्या मित्राचा फोन आला. त्याला वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. "काकू, त्याच्या उलट्या थांबल्या ना आता?" मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तुझ्या फोनमध्ये स्पितीतला 'की' नावाचा गोंपा (बौद्ध मठ) होता, काझ्याचा बाजार होता, थंडी होती. कुंझुम खिंड उतरताना दोनदा गाडी थांबवावी लागली, तेवढं मात्र राहिलं.

रागावायला लिहीत नाही. जाऊ नकोस असंही लिहिणार नाही. त्यावर बाबांचं आणि तुझं जे व्हायचं ते होऊन गेलंय. उद्या परांग ला खिंडीच्या ट्रेकसाठी किब्बर गावाला पोचलास की फोन लागेल न लागेल, म्हणून आजच लिहितेय. हे वाचल्याशिवाय काझा सोडू नकोस.

मनाली समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर. अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये निघालात, साडेचार हजारांच्या वरचं कुंझुम ओलांडलंत आणि रात्री झोपलात ते साडेतीन हजारांच्या वर, काझ्यात. सगळं एका दिवसात. किन्नौरकडून गेला असतास तर रिकाँग पिओ, नाको, ताबो असे मुक्काम करत शरीराला सवय झाली असती. रजा कमी होती, मान्य. पण रस्त्यात वाचवलेले ते दिवस आता काझ्यात घालव. निदान दोन रात्री आणखी.

मामाला फोन केला होता. (घाबरू नकोस, आजीला कळलेलं नाही.) तो म्हणाला, लेहला आलेल्या जवानाला 9,000 ते 12,000 फुटांवर सहा दिवस ठेवतात, त्यातले पहिले दोन नुसती विश्रांती. त्याच्या वर जायचं तर आणखी चार दिवस, 15,000 फुटांच्या वर पुन्हा चार. 1962 साली मैदानातले जवान घाईघाईनं वर चढवले गेले. गोळी न लागताच कितीतरी जणांच्या फुप्फुसांत पाणी झालं. पुढे आपल्याच सैन्यातल्या डॉक्टरांनी 1,925 जवानांचा अभ्यास करून तो 1969 साली प्रसिद्ध केला. सगळी धडधाकट माणसं होती रे ती. तू रोज पहाटे पळतोस, तुझा दम मोठा आहे, पण तिथे कोणाला त्रास होईल ते दमावर ठरत नाही. उलट दम असलेला माणूस भराभर चढतो आणि तिथेच फसतो.

बघ, भाषण सुरू झालं. नाही करायचं असं ठरवून बसले होते. माफ कर.

डोकं दुखेल याची मला भीती नाही. त्या उंचीवर पुष्कळांचं दुखतं. ते तू कुणाला सांगणार नाहीस, याची भीती आहे.

कळसूबाईला गेलो होतो ते आठवतंय? तू पाचवीत होतास. शिड्यांच्या वर कुठेतरी तुझा पाय मुरगळला होता. उतरताना सगळ्यांच्या पुढे तूच होतास, आत्याची पिशवीसुद्धा तूच घेतली होतीस. पायथ्याच्या बारी गावात आल्यावर बूट निघेना, तेव्हा कळलं. घोटा हा एवढा सुजलेला. बाबा सगळ्यांना कौतुकानं सांगत होते, पोरानं हूं की चूं केलं नाही. मलाही तेव्हा अभिमानच वाटला होता. एसटीत माझ्या मांडीवर पाय ठेवून झोपलास, पार नाशिक येईपर्यंत. तुझे केस तेव्हा किती दाट होते!

काय सांगत होते... हां. कळसूबाई 1,646 मीटर. किब्बर त्याच्या अडीच पट आहे आणि तुझी 'परांग ला' खिंड साडेपाच हजारांच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा. सुजलेला घोटा संध्याकाळपर्यंत थांबतो. फुप्फुसातलं पाणी थांबत नाही.

तू ठेवून गेलेला नकाशा मी रोज उघडते. खिंडीखालच्या बोरोगेनच्या तळापर्यंत तुझ्या पाठीशी किब्बर आहे. त्रास झाला तर वळायचं आणि उतरायचं, खाली येशील तशी हवा दाट होत जाणार. खिंड ओलांडली की तसं नाही. पलीकडे हिमनदी, मग पारे चू नदीचं लांबच लांब खोरं, नोरबू सुमदो, मग त्सो मोरीरी. तो तलावसुद्धा साडेचार हजार मीटरवर! म्हणजे परांग ला झाल्यावर कितीही दिवस चाललास तरी खऱ्या अर्थानं खाली येतच नाहीस. या आजाराला उतरण्याइतकं दुसरं औषध नाही आणि त्या बाजूला ते मिळत नाही. मध्ये गावही नाही, थेट तलावाकाठचं कोरझोक. म्हणून काय ते खिंडीच्या अलीकडेच सांग. वर गेल्यावर बघू, एवढी रात्र काढू, हे तिथे चालत नाही.

सॅटेलाइट फोन घेऊन द्यावा असं माझ्या मनात होतं, पण परवानगीशिवाय तो आपल्याकडे बाळगता येत नाही. म्हणजे इतके दिवस तुझं ऐकायला फक्त तुझा गाईड. त्याला आजच सांग, वाटेत उलट्या झाल्या म्हणून. त्याला कमीपणा वाटणार नाही आणि तुलाही वाटायला नको. रोज संध्याकाळी त्याच्यासमोर टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालून दाखव. तोल गेला तर त्याचं ऐकायचं, तुझं स्वतःचं नाही. मेंदूला सूज आली की तारतम्य आधी जातं. मग "मी ठीक आहे" या तुझ्या बोलण्याला काही अर्थ उरत नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट बघायची नाही.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल. लहानपणी सल्फाच्या गोळीनं तुझ्या अंगावर पुरळ उठलं होतं. काझ्याच्या सरकारी दवाखान्यात ते सांग आणि डॉक्टर म्हणतील तरच घे. कुणा ट्रेकरनं दिली म्हणून नको. झोपेची गोळी तर अजिबात नको. पारे चू सकाळी लवकर ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. हे तुला माहीत असणार. तूच आजीला शिकवत होतास, ही नदी तिबेटात जाते आणि पुन्हा फिरून स्पितीलाच येऊन मिळते म्हणून. ती अजून आल्यागेल्याला सांगते.

तुझं मला फार कौतुक वाटतं, हे बाबांसमोर बोलायला जमलं नाही. स्वतःच्या पगारातून एकेक वस्तू जमवलीस. मित्राचं रद्द झालं तरी ज्या वाटेनं स्पितीचे लोक व्यापाराला लडाखला जात, ती चालायचीच हे धरून ठेवलंस. मी तुझ्या वयात एकटीनं कुठे गेले नाही. तुला किब्बरच्या कड्यांवर भरल, त्या डोंगरी मेंढ्या, दिसाव्यात, आणि नशिबात असेल तर हिमबिबट्याही. तो तलाव तू बघावास असं मला मनापासून वाटतं. या वर्षीच बघितला पाहिजे असं मात्र नाही. अर्ध्या वाटेवरून परत आलास तर या घरात कुणी "मी सांगितलं होतं" म्हणणार नाही. त्याची जबाबदारी माझी.

पण डोकं दुखलं तर सांगशील ना? पुन्हा तेच लिहिलं. असू दे.

तुझी,
आई

ता. क. गाईडचं नाव, नंबर आणि घोडेवाल्याचं गाव आजच पाठव. कोरझोकला कोणत्या तारखेला पोचणार तेही लिही, आणि त्यानंतर किती दिवस वाट बघून आम्ही कुणाला फोन करायचा तेही. आणि बाबांना फोन कर. किब्बरला रात्री थंडी किती असते, हे ते मला विचारत होते. तूच सांग त्यांना.