तुटलेल्या शिरोरेषेबद्दल एक आभारपत्र

आदरणीय महोदया,

सप्रेम नमस्कार.

माझ्या लेखांच्या संकेतस्थळाची थीम, म्हणजे पानांचे रूप ठरवणारा तयार साचा, मार्गी लावण्यासाठी आपण सलग तीन संध्याकाळी वेळ दिलात. फोनवर घाईत त्याचे आभार नीट मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. याच खड्ड्यात आणखी कोणी अडकले असेल, तर त्यालाही ते उपयोगी पडावे.

अडचण दिसायला किरकोळ होती. नवी थीम बसवल्यापासून मथळ्यांची शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटत होती आणि ‘कीर्ती’सारख्या शब्दावरच्या वेलांट्या नि रफार वरून छाटल्यासारखे दिसत होते. मी फाँटला दोष दिला आणि एकामागून एक चार फाँट बदलून पाहिले. चारही वेळा रेघ तशीच तुटकी राहिली, तरीही दोष फाँटचा नसावा अशी शंका मला आली नाही, याची आता थोडी लाज वाटते.

पहिल्या संध्याकाळी आपण एकही ओळ लिहू दिली नाहीत. मथळ्यावर राइट क्लिक करून ब्राउझरमधले ‘इन्स्पेक्ट’ उघडायला लावलेत आणि बाजूला दिसणाऱ्या, मथळ्याचे रूप ठरवणाऱ्या नियमांपुढच्या चौकटींतली खूण एकेक करून काढायला सांगितलीत. रंग गेला, जाडी गेली, आणि ‘लेटर-स्पेसिंग’ची, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराची, खूण काढताच तुटलेली रेघ डोळ्यांदेखत सांधली गेली. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यांच्यात थोडी हवा सोडली की मथळा ऐसपैस दिसतो, म्हणून थीमकर्त्याने ते अंतर घातले असावे. देवनागरीत मात्र तेच अंतर शिरोरेषेला भेगा पाडते, हे आपण दोन वाक्यांत समजावलेत. वेलांट्या छाटल्या जाण्याचे कारणही तिथेच सापडले: ‘लाइन-हाइट’, म्हणजे ओळीची उंची, १.१ इतकी आवळलेली होती आणि भोवतालच्या चौकटीला ‘ओव्हरफ्लो हिडन’, म्हणजे बाहेर जाणारे लपवण्याचा नियम, लावलेले होते, त्यामुळे ओळीच्या वर जे जाईल ते कापले जात होते. ती १.५ केल्यावर रफार पूर्ण दिसू लागले.

त्याच पडद्यावर माझ्या स्वतःच्या कितीतरी ओळींवर काट मारलेली दिसत होती. थीमचे सिलेक्टर, म्हणजे नियम कशाला लागू हे सांगणारे भाग, माझ्यापेक्षा अधिक नेमके होते आणि त्यांच्यापुढे माझे नियम हरत होते. जिथे हार सहन झाली नाही तिथे मी आपला नियम बळजबरीने जिंकवणारे ‘इम्पॉर्टंट’ ठोकून दिले होते. अशी अकरा ठिकाणे आपण माझ्याकडूनच पुसून घेतलीत. त्या वेळी मला ते जाचक वाटले होते, हे कबूल करतो.

दुसरी संध्याकाळ चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर आधारलेल्या वेगळ्या उपथीममध्ये, गेली, आणि माझ्या मते खरा उपकार तो आहे. मी आजवर सगळे बदल मूळ थीमच्याच स्टाइलशीटमध्ये (रूपाचे नियम असलेल्या फाइलमध्ये) करत आलो होतो आणि मागच्या अपडेटने ते सगळे एका क्षणात धुऊन नेले होते. माझे संकेतस्थळ ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये वेगळा फोल्डर करून त्यातल्या स्टाइलशीटच्या माथ्यावर ‘टेम्प्लेट’ या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचे नाव दिले की मूळ थीम कितीही बदलली तरी आपली फाइल शाबूत राहते. मी तिथे फोल्डरऐवजी थीमचे दर्शनी नाव लिहून बसलो आणि मूळ थीम सापडत नसल्याचा संदेश आला, तेव्हा आपण चूक न सांगता फक्त ‘फोल्डर उघडून नाव वाचा’ एवढेच म्हणालात.

कॅशेचा, म्हणजे पानाच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीचा, घोळ त्यामानाने लवकर सुटला. केलेला बदल दिसत नाही म्हणून मी तोच बदल पुन्हा पुन्हा करत होतो. कॅशे प्लगइन रिकामे करून पान नव्याने आणणारे कंट्रोल-शिफ्ट-आर दाबले आणि सगळे एकदम समोर आले.

तिसऱ्या संध्याकाळी निघता निघता आपण पानाची भाषा ‘एमआर’ (mr, मराठीचा संकेत) अशी नोंदवायला सांगितलीत, कारण ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतात तो ते या नोंदीवरून निवडू शकतो. हे मी विचारलेलेही नव्हते.

आज चाइल्ड थीमच्या स्टाइलशीटमध्ये सगळे मिळून तेवीस ओळी आहेत. ‘लेटर-स्पेसिंग’ शून्य करणाऱ्या ओळीवर मी टिप्पणी लिहिली आहे: ‘शिरोरेषा तुटते, काढू नये.’

आपला ऋणी,
तीन संध्याकाळचा विद्यार्थी