ग्लोरिया आन्साल्दुआ आधी शिक्षिका होत्या

महोदय,

रविवार पुरवणीतला अमेरिकेतील स्त्रीलेखनावरचा लेख वाचला. चिकाना, म्हणजे अमेरिकेत वाढलेल्या मेक्सिकन वंशाच्या लेखिकांची दखल घेतलीत, याचा आनंद झाला. मात्र ग्लोरिया आन्साल्दुआ यांची ‘सीमेच्या सिद्धान्तकार’ एवढ्या एका ओळीत बोळवण केलेली पाहून वाईट वाटले. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, म्हणून हे पत्र.

आन्साल्दुआ यांचा जन्म १९४२ सालचा, टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवरून वाहणाऱ्या रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातला. घराणे पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, पण जमिनी हातातून गेलेल्या. एक वर्ष हे कुटुंब मजुरीसाठी आर्कान्सा राज्यापर्यंत गेले. पोरांची शाळा बुडते हे लक्षात येताच वडिलांनी पुन्हा तसे जायचे नाही असे ठरवले. पुढे ग्लोरिया शाळकरी वयात असतानाच वडील वारले. शेतात राबतच त्या शिकल्या आणि १९६९ मध्ये पदवीधर झाल्या.

शाळेत मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलताना पकडल्यावर त्यांच्या बोटांच्या पेरांवर पट्टीचे तीन फटके बसले होते. कॉलेजातही चिकानो मुलांना बोलण्यातला हेल घालवण्यासाठी दोन वर्ग सक्तीने करावे लागत. या बाईंनी शिक्षिका झाल्यावर काय केले? चिकानो मुलांना इंग्रजी शिकवताना त्या त्यांच्याच समाजातल्या लेखकांच्या कथा-कविता वर्गात आणू लागल्या. मुख्याध्यापकांनी कानउघाडणी करून ते बंद करायला सांगितले. तेव्हा मुलांकडून कुठे न बोलण्याची शपथ घेऊन त्या गुपचूप ते शिकवत राहिल्या! त्यांचे १९८७ चे ‘बॉर्डरलँड्स / ला फ्रोंतेरा’ (सीमाप्रदेश) हे पुस्तक आठवले की मला आधी हा वर्ग दिसतो. गद्य, कविता, इतिहास, आत्मकथन आणि घरातल्या-रस्त्यावरच्या बोली त्यात एकत्र नांदतात, त्याचे मूळ इथे आहे. नोकरीच्या चौकटीत जे लपूनछपून करावे लागले, ते त्यांनी पुस्तकात उघड्यावर केले.

त्याआधी १९८१ मध्ये चेरी मोरागा या चिकाना लेखिकेसोबत त्यांनी ‘धिस ब्रिज कॉल्ड माय बॅक’ संपादित केले. गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीत ज्यांना कोपऱ्यात बसवले जाई, अशा अनेकजणींचे लेखन त्यात एकत्र आले. स्वतः समलिंगी असल्याचेही त्यांनी कधी लपवले नाही. त्या काळी, त्या कॅथलिक समाजात हे किती जड गेले असेल!

विद्यापीठांनी मात्र त्यांना ताटकळत ठेवले. टेक्सासात चिकानो साहित्यावर संशोधन करायचे म्हणून मार्गदर्शकांशी वाद घालावा लागला आणि पीएच.डी. तिथे अर्धवटच राहिली. २००४ मध्ये मधुमेहातून उद्भवलेल्या त्रासाने वयाच्या ६१ व्या वर्षी त्या गेल्या. डॉक्टरेट कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठाने दिली, तीही मरणोत्तर.

एक विनंती आहे. त्यांनी मुलांसाठीही लिहिले. १९९३ च्या ‘फ्रेंड्स फ्रॉम द अदर साइड’मध्ये प्रिएतिता नावाची मुलगी मेक्सिकोतून नदी ओलांडून आलेल्या होआकिनला चिडवणाऱ्या पोरांपुढे उभी राहते, आणि सीमेवरचे गस्तवाले आल्यावर त्याला व त्याच्या आईला लपवायला मदत करते. पुरवणीच्या बालविभागात या पुस्तकाचा परिचय जरूर द्यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली