शिकारी मासा आणि तंगुसाचा रंग

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गरीच्या (गळाच्या) मासेमारीवर आलेला लेख आवडीने वाचला. त्यातील एका विधानाबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, म्हणून मोठ्या शिकारी माशासाठी लाल तंगूस (गरीला बांधायचा एकेरी दोरा) वापरावा, म्हणजे दोरा माशाला दिसतच नाही, असे लेखकाने म्हटले आहे. यातला पहिला भाग खरा आहे आणि दुसरा खोटा आहे. पहिला खरा असल्यामुळेच दुसराही लोकांच्या गळी सहज उतरतो. माझ्याही उतरला होता. काही वर्षांपूर्वी जवळच्या शहरातील एका दुकानदाराने 'खास दाताळ माशांसाठी' म्हणून दिलेले लाल तंगुसाचे रीळ मी साध्या तंगुसाच्या जवळजवळ दुप्पट किमतीला घेतले होते.

लाल प्रकाश पाण्यात लवकर शोषला जातो, आणि स्वच्छ समुद्रातही पाच-सहा मीटर खाली त्याचा फार थोडा अंश पोहोचतो, हे बरोबर आहे. पण एखादी वस्तू आपल्याला लाल दिसते ती तिच्यावर पडलेल्या उजेडातला लाल भाग ती परत फेकते म्हणून. तो भाग तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर परत फेकायला तिच्यापाशी काही उरत नाही आणि ती काळपट दिसू लागते. काळपट दिसणे आणि न दिसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चुन्याच्या भिंतीवर ओढलेली कोळशाची रेघ कोणाला दिसत नाही, असे म्हणता येईल का? दोरा दिसतो की नाही हे त्याच्या रंगावर ठरत नाही, तर त्याच्या मागे जे पाणी आहे त्याच्याशी तो किती मिळून जातो यावर ठरते.

हे मी निव्वळ पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. माझा भाचा तारकर्लीला पर्यटकांना स्कुबाला नेतो. दोन वर्षांपूर्वी पौषात, पाणी नितळ होते तेव्हा, आम्ही त्याच्या होडीच्या कडेने लाल, पिवळा, निळसर, हिरवा आणि पांढरा पारदर्शक असे पाच तंगूस तळाला शिसे बांधून पाण्यात सोडले. गरी एकालाही लावली नव्हती, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा पट्टा 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे आणि तिथे गमतीलाही गरी टाकू नये असे माझे मत आहे. भाचा सुमारे सात मीटर खाली गेला आणि वर येऊन त्याने जे सांगितले, ते मी होडीतच बिलाच्या पाठीवर लिहून घेतले. आडवे पाहिले असता पिवळा दोरा दुरून ठसठशीत दिसत होता, लाल दोरा तपकिरी-काळा झाला होता आणि तोही चांगला दिसत होता, निळसर आणि हिरवा मागच्या पाण्यात बरेच मिसळून गेले होते, आणि पारदर्शक दोरा बहुतेक जागी दिसत नव्हता, पण जिथे ऊन त्याच्यावर पडत होते तिथे तो काचेच्या तुकड्यासारखा चमकत होता. मग तो तळाशी जाऊन उताणा झाला आणि त्याने वर पाहिले. तेव्हा पाचही दोरे सारखेच काळे दिसले. कोणता दोरा कोणत्या रंगाचा, हे त्याला ओळखता आले नाही.

या शेवटच्या निरीक्षणाकडे लेखकाचे पूर्ण दुर्लक्ष झाले आहे, आणि माझ्या मते मोठ्या माशाच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाचे तेच आहे. पाण्याखालून वर पाहणाऱ्याला बाहेरचे सगळे आकाश डोक्यावरच्या एका गोल खिडकीत एकवटलेले दिसते; त्या खिडकीचा कोन सुमारे 97 अंशांचा असतो आणि ती आजूबाजूच्या पाण्यापेक्षा पुष्कळच उजळ असते. सुरमई किंवा कोकर भक्ष्यावर येतो तो अनेकदा खालून, म्हणजे त्या उजळ खिडकीकडे तोंड करून. अशा वेळी भक्ष्य त्याला सावलीसारखे दिसते, आणि दोराही सावलीसारखाच दिसतो. सावलीला रंग नसतो, जाडी असते. म्हणून लाल घ्यावा की हिरवा, यावर तासभर वाद घालण्याऐवजी 0.80 मिलिमीटरच्या जागी 0.60 मिलिमीटरचा दोरा चालेल का, याचा दहा मिनिटे विचार केलेला बरा.

अर्थात जाडीही वाटेल तितकी कमी करता येत नाही. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात आणि गोव्याकडे चोणक, त्या माशाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, आणि त्याने तोंड उघडून पाण्याबाहेर उसळी घेत मान झटकली की दोरा त्या कडेवर घासतो. तांबोशी गरी लागताक्षणी खडकाच्या कपारीत शिरते. सुरमईचे दात तर तंगुसाला जुमानतच नाहीत, तिच्यासाठी गरीच्या वर वीतभर तार लावावी लागते. ती तार झळझळीत पांढरी नको, काळपट तपकिरी घ्यावी, एवढाच काय तो तिथे रंगाचा प्रश्न. म्हणजे कोणत्या माशासाठी किती जाड दोरा लागतो हे माशाचे दात, कल्ले आणि त्याची पळण्याची जागा ठरवतात. जाडी ठरल्यावर उरलेल्या जागेत रंगाने बसायचे आहे.

आता 'अदृश्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या फ्लोरोकार्बनविषयी. जपानमधील कुरेहा कंपनीने 1971 साली हा दोरा बाजारात आणला. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे 1.33, फ्लोरोकार्बनचा सुमारे 1.42 आणि नायलॉनचा साधारण 1.53 ते 1.58, म्हणजे फ्लोरोकार्बन पाण्याच्या अधिक जवळ असल्यामुळे प्रकाश त्यातून जाताना कमी वळतो आणि दोरा कमी उठून दिसतो. एवढे म्हणणे रास्त आहे. परंतु 1.42 म्हणजे 1.33 नव्हे, आणि त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून ऊन परतते ते परततेच. माझ्या अनुभवात त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. तो पाण्याच्या पावणेदोनपट जड असल्यामुळे बुडतो, आणि खडकावर घासला तरी त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा जास्त टिकतो. नवा दोरा फार चकाकत असेल तर मी त्याचा शेवटचा दोन वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) भाग भांडी घासायच्या काथ्याने अगदी हलक्या हाताने एकदा पुसून घेतो. चकाकी मरते. जोर लावून घासल्यास दोरा दुबळा होतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

हे सर्व नितळ पाण्याबद्दल झाले. आपल्या किनाऱ्यावर गरवणारे बहुतेक जण खाडीच्या तोंडाशी, जेटीवर किंवा कांदळवनाच्या कडेला बसतात, आणि तिथल्या पाण्याचे गणित अगदी वेगळे आहे. खाडीच्या पाण्यात गाळ, कुजलेल्या पानांचा अर्क आणि सूक्ष्म शेवाळ असते. त्यामुळे तिथे निळा प्रकाशही लवकर गिळला जातो आणि खाली उरतो तो हिरवट-पिवळट उजेड. म्हणून मोकळ्या समुद्रात उपयोगी पडणारा निळसर दोरा कर्ली नदीच्या मुखापासून आत शिरल्यावर उगाच काळा दिसतो आणि मळकट हिरवा चांगला मिसळतो. आषाढात डोंगरावरची तांबडी माती घेऊन पाणी खाली येते तेव्हा तर हातभर अंतरावरचेही दिसत नाही. त्या दिवसांत चोणक लागतो तो डोळ्यांच्या भरवशावर नव्हे, तर अंगावरच्या पार्श्वरेषेला जाणवणाऱ्या हालचालीवर. आमिषाला लावलेल्या जिवंत बोई माशाच्या शेपटीची फडफड त्याला कळते. त्या पाण्यात पोपटी दोरा बांधा नाहीतर जांभळा, त्याला काही फरक पडत नाही.

रात्रीचेही तसेच आहे. मंद उजेडात माशाच्या डोळ्याला रंग जवळजवळ कळत नाहीत, उजेड-अंधार तेवढा कळतो. मात्र एक अपवाद मी स्वतः पाहिला आहे. थंडीच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर काही रात्री पाणी निळे चमकते. नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे हे घडते आणि हल्ली ते पाहायला पर्यटकही येतात. अशा रात्री मी देवबागच्या टोकाला बसलो असताना ओहोटीची ओढ लागली आणि माझा तंगूस पाण्यात शिरतो तिथून खाली हातभर निळी रेघ उमटली. दोरा पारदर्शक होता, महागडा होता, आणि तरी कोणीतरी विजेरी धरावी तसा दिसत होता. शेजारी बसलेले आजोबा आपली दोरी गुंडाळून म्हणाले, "आज जेवान घरात जावन जेवा, हय बसान उपयोग नाय." त्या रात्री खरोखरच कोणाला काही लागले नाही.

मग रंग निवडायचाच नाही का? निवडायचा, पण तो माशासाठी नव्हे, स्वतःसाठी. रिळावरचा मुख्य दोरा आता बहुधा विणीचा असतो. (त्याला मुले 'ब्रेड' म्हणतात आणि घरातली माणसे दुकानातून पाव आणतात, तो भाग वेगळा.) हा दोरा मी नेहमी फिका पिवळा घेतो. पहाटेच्या अर्धवट उजेडात तो पाण्यावर कुठे पडला आहे हे दिसते, जेटीवर आठ-दहा जण बसलेले असताना कोणाचा दोरा कोणावरून गेला ते कळते, आणि मुख्य म्हणजे पाच किलोची तांबोशी खडकाकडे पळू लागली की ती कोणत्या बाजूने वळते आहे हे दोरा पाहूनच ठरवावे लागते. ज्याला आपला दोरा दिसत नाही, त्याचा मोठा मासा खडकात जातो. मी अशा रीतीने किती गमावले ते इथे लिहीत नाही. या पिवळ्या दोऱ्याच्या टोकाला दोन ते तीन वाव पारदर्शक किंवा मळकट हिरवा जाड तंगूस जोडला म्हणजे पिवळा रंग आमिषापासून पुरेसा लांब राहतो. होडीतून खोल पाण्यात धातूचे आमिष सोडणाऱ्यांसाठी दर दहा मीटरला रंग बदलणारा दोरा मिळतो. तिथे रंग हे मोजमाप आहे, तिसरा रंग संपला की तीस मीटर गेले. रंगाचा याहून प्रामाणिक उपयोग मला ठाऊक नाही.

लेखकाने 'आपले पूर्वज रंगीत दोरे वापरत, ते उगाच नव्हे' असेही म्हटले आहे. उगाच नव्हतेच, पण कारण वेगळे होते. नायलॉन येण्यापूर्वी दोऱ्या सुताच्या आणि तागाच्या असत, आणि त्या खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात भिजवत. तांबूस-तपकिरी रंग त्या सालीतल्या टॅनिनचा होता. त्याने दोरी टिकत असे, माशाला चकवा देण्याशी त्याचा संबंध नव्हता. त्या करंगळीच्या निम्म्या जाडीच्या दोऱ्यांवर आमच्या आजोबांच्या पिढीने मोठमोठे मासे ओढले, याचे श्रेय मी दोरीच्या रंगाला देण्याऐवजी जिवंत आमिषाला आणि भरती-ओहोटीच्या जाणकारीला देईन.

आपल्याला माझी एवढीच विनंती आहे की पुरवणीतील त्या विधानाची दुरुस्ती छापावी, कारण ते वाचून आमच्या गावातील दोन मुलांनी लाल रिळे मागवली आहेत. दुसरे असे, की लेखकाने पुढील भागात दोऱ्याच्या वेष्टनावर काय वाचावे हे लिहावे. दुकानात मिळणाऱ्या कित्येक रिळांवर रंगाचे नाव ठळक असते, किती पौंड वजन पेलेल तेही असते, पण जाडी मिलिमीटरमध्ये एक तर नसते किंवा असून खोटी असते. मी हल्ली खिशात सोनाराकडचा जुना जाडीमापक घेऊन जातो, 0.40 लिहिलेला तंगूस 0.52 भरलेला मी मोजला आहे, आणि दुकानदाराने तो मुकाट्याने परत घेतला आहे.

माझे स्वतःचे लाल रीळ मला परत करता आले नाही. त्यावर सध्या परसातला पडवळाचा मांडव बांधलेला आहे, आणि तो लांबूनही चांगला दिसतो.

आपला,
एक गरवणारा वाचक
तालुका मालवण