अँजिओप्लास्टीसोबत एक रक्ततपासणी द्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

नाशिकला पंचवटीत माझं मेडिकल आहे. पेठ, सुरगाण्याकडची माणसं एसटीची वेळ सांभाळत येतात, डिस्चार्जचा कागद पुढे करतात आणि म्हणतात, "भाऊ, महिन्याचं द्या." हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवलेला असतो. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असलेल्या क्लोपिडोग्रेलच्या स्ट्रिपा मी मोजून देतो, पण हल्ली ती गोळी देताना मनात धाकधूक असते.

माझ्या वडिलांनाही हीच गोळी होती. अँजिओप्लास्टीनंतर चार महिने त्यांनी एक दिवस चुकवला नाही. डबीत रोजच्या गोळ्या मीच भरत होतो. तरी एका पहाटे छातीत कळ आली. स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. नशिबाने वाचले. त्यानंतर पदरमोड करून रक्ताची जनुक तपासणी केली, तेव्हा कळलं की ही गोळी त्यांच्या अंगात नीट लागूच पडत नव्हती.

क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे विकर (एन्झाइम) तिच्यात बदल घडवतं, तेव्हा कुठे ती रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटून गुठळी करण्यापासून रोखते. या विकराच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही निकामी असल्या की औषध पुरेसं तयारच होत नाही. आपल्याकडे साधारण दहा जणांत एकाची अशी गत असते. एक प्रत निकामी असलेले तर कितीतरी जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्येच या गोळीच्या माहितीपत्रकात याबद्दल चौकटीत ठळक इशारा छापायला लावला. (त्यात भर म्हणजे ॲसिडिटीवरची ओमेप्राझोल हेच विकर दाबते, आणि लोक ती चिठ्ठीशिवाय मागून नेतात.)

अटॅक आलेल्या माणसाला अहवालाची वाट बघत ठेवा, असं मी म्हणत नाही. उपचार लगेच सुरू व्हावेत, नमुना त्याच दिवशी जावा आणि गरज पडली तर डॉक्टरांनी नंतर गोळी बदलावी. त्याच कामाच्या टिकाग्रेलॉर या दुसऱ्या गोळीला यकृताने जागं करावं लागत नाही. पण तिने काहींना धाप लागते, रक्तस्रावाचा धोकाही वाढतो, म्हणून ती सरसकट सगळ्यांना देणं मला पटत नाही. कोणाला कोणती गोळी, हे ठरवायला तपासणी हाताशी हवी. जनुकं बदलत नाहीत, त्यामुळे ती जन्मात एकदाच करावी लागते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते. त्याच पॅकेजमध्ये या तपासणीची तरतूद करा. आरोग्य विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे. नमुने तपासण्याची सोय उभी करण्याचं काम त्यांच्याकडे सोपवा, आणि सुरुवात नाशिकच्या सिव्हिलपासून करा.

आणि हे पत्र वाचून कोणी आपली गोळी स्वतःहून बंद करू नये, ही कळकळीची विनंती. आधी डॉक्टरांना विचारा.

वडिलांचा अहवाल आपल्या कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीसोबत जोडला आहे.

आपला,
पंचवटीतील एक औषधविक्रेता