पॉलिइथरच्या बॅगेत पॉलिएस्टर: टीपीयू दाण्यांबाबत तक्रार

प्रति,
विक्री व्यवस्थापक

विषय: मागवलेल्या ग्रेडऐवजी दुसऱ्याच ग्रेडचे दाणे पाठवल्याबद्दल

महोदय,

ऑक्टोबरात तुमच्याकडून पॉलिइथर टीपीयूच्या (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, म्हणजे रबरासारखं लवचिक प्लास्टिक) २५ किलोच्या चार बॅगा घेतल्या, कठीणपणा शोर ए (रबरासारख्या मालाचा कठीणपणा मोजायचं माप) ८५. त्यातल्या एका बॅगेतून साखर कारखान्याच्या गरम पाण्याच्या पंपांसाठी १४० सील काढले. सातव्या आठवड्यात कारखान्याचा फिटर एक सील घेऊन आमच्या शिरोलीच्या शेडमध्ये आला आणि माझ्या टेबलावर नखाने त्याचा चुरा करून दाखवला. ऐन गळीत हंगामात! त्याच साच्यातले, तुमच्याच मागच्या लॉटचे सील दोन हंगाम टिकले होते.

तुमच्या इंजिनियरने फोनवरच निकाल देऊन टाकला: दाणे नीट वाळवले नसतील, नाहीतर दाणे वितळवणारं मशीनचं बॅरल जास्त तापलं असेल. आम्ही दाणे ९० अंशांवर तीन तास वाळवतो, बॅरल २०५ च्या वर जात नाही. नोंदवही बघायला केव्हाही या. दाणे दमट असते तर मालात बुडबुडे आले असते, जळले असते तर पिवळेपणा दिसला असता. सील साच्यातून निघाले तेव्हा स्वच्छ होते, रबरासारखे ताणले जात होते.

मग पाणी कुठं मुरलं? टीपीयूच्या साखळीत मऊ आणि कठीण तुकडे आळीपाळीने येतात. कठीण तुकडे एकमेकांना धरून गाठी बांधतात. २०० अंशांच्या आसपास या गाठी सुटतात म्हणून माल वाहतो, गार झाला की पुन्हा बसतात. मऊ तुकडा इथरचा (पॉलिइथर) असो की एस्टरचा (पॉलिएस्टर), दोन्हीत शोर ए ८५ मिळतो. त्यामुळे तुमच्या सर्टिफिकेटवर कठीणपणा बरोबर आहे, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. फरक आहे मऊ तुकड्यात. एस्टरचा जोड गरम पाण्यात तुटतो, तुटताना आम्ल तयार होतं आणि तेच आम्ल पुढचे जोड आणखी झपाट्याने तोडतं. इथरला ही खोड नाही. तेल-ग्रीससाठी एस्टर उत्तम, मान्य. पण आमची ऑर्डर पाण्याची होती, आणि तसं त्यात लिहिलंही होतं.

शंका होती म्हणून मिठाचं पाणी केलं, हायड्रोमीटरवर घनता १.१६. जुन्या लॉटचे दाणे तरंगले, नवे तळाला गेले. इथर ग्रेडची घनता १.१ च्या जवळपास, एस्टरची १.२ च्या. बादलीतला प्रयोग म्हणून हसाल, म्हणून दोन्ही नमुने डीएससीलाही (कोणत्या तापमानाला माल बदलतो ते टिपणारी प्रयोगशाळेतली चाचणी) लावले. मऊ भाग गारठून काचेसारखा ताठ होतो ते तापमान जुन्यात उणे ४६ अंश आलं, नव्यात उणे ३३. दोन्ही बॅगांवर ग्रेडचा क्रमांक मात्र एकच!

गोदामात बॅगांची अदलाबदल होऊ शकते, माणसाकडून होतं. पण आमच्यावर खापर फोडण्याआधी तुम्ही राखलेला नमुना तरी तपासायचा होता.

उरलेल्या तीन बॅगा घेऊन जा, बदल्यात इथरच्या चार बॅगा आठ दिवसांत पाठवा; कारखाना आमच्यासाठी थांबणार नाही. १४० सील पुन्हा काढण्याच्या खर्चाचं बिल सोबत आहे. आणि यापुढे प्रत्येक सर्टिफिकेटवर घनता लिहा.

नव्या लॉटच्या दाण्यांची पुडीही जोडली आहे. मीठ तुमच्याकडे असेलच.

आपला,
एक जुना ग्राहक
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर