सूचना : ‘ब्लॅक मिरर’च्या सातव्या पर्वाविषयी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पुढील बैठकीत चार्ली ब्रूकर यांच्या ‘ब्लॅक मिरर’ या ब्रिटिश मालिकेच्या सातव्या पर्वावर चर्चा होणार असून, १० एप्रिल २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आलेले त्याचे सहाही भाग कृपया आधी पाहून यावेत. विज्ञानकथा, प्रेमकथा, उपहास असे त्यांचे बाज वेगवेगळे आणि कथा स्वतंत्र असल्याने क्रमाचे बंधन नाही. मात्र शेवटचा ‘यूएसएस कॅलिस्टर : इन्टू इन्फिनिटी’ हा २०१७ मधील चौथ्या पर्वातल्या कथेचाच पुढचा टप्पा असल्याने तो मूळ भाग अगोदर अवश्य पाहावा. जुन्या छायाचित्रांत शिरून हरवलेले प्रेम शोधणाऱ्या माणसाची ‘यूलजी’ ही कथा तर कोणीही चुकवू नये. काही दृश्ये लहान मुलांसमोर पाहण्यासारखी नाहीत, याची नोंद घ्यावी.